उचलून धरलेली माळ

आमच्या सूनबाई भजनी मंडळात सांगतात ती हकिगत अशी : “अण्णा लोटांगण घालायला वाकले, तोच फुलवालीच्या रूपाने देवीनेच त्यांना अडवले. मागे वळून पाहिले तर तिथे कुणीच नाही. तेव्हापासून कंबर ठणठणीत.” ऐकणाऱ्यांचे हात आपोआप जुळतात. मी हयात असताना माझ्या नावावर ही कथा खपवली जावी, हे मला मान्य नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातील नोकरीची अखेरची वर्षे चालू असताना, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, माझ्या कमरेची शस्त्रक्रिया झाली. दबलेली शीर मोकळी करण्यासाठी मणक्यामागचे थोडे हाड काढण्यात आले. पायातली कळ गेली; पण उभे राहताना कमरेत काहीतरी पुढे सरकल्यासारखे होई आणि पाय लटपटत. डॉक्टरांनी दोनदा एक्स-रे काढले व दोन्ही वेळा सांगितले की शस्त्रक्रिया यशस्वी आहे, भीती मनात आहे. हे आपली चूक झाकत आहेत आणि मुलगा त्यांना सामील आहे, असा माझा ठाम समज झाला. पत्नीने मात्र ‘यशस्वी’ एवढाच शब्द धरला. शस्त्रक्रिया पार पडली की मी चांदवडच्या देवीपुढे लोटांगण घालीन, असा नवस तिने माझ्या वतीने बोलून ठेवला होता. नाही म्हणालो असतो तर दुखण्याला भ्यालो असे ठरले असते. म्हणून गेलो.

पायऱ्यांशी बसून दम घेतला; पत्नी समोरच्या फुलवालीला लोटांगणाचा नवस सांगत होती. मी उठू लागलो, तेव्हा फुलवाली म्हणाली, “बाबा, मांडीवर हात देऊन उठताय, अन् लोटांगण घालताय व्हय?”

हिला माळ खपवायची असणार, असे मला वाटले. “डॉक्टरांनी पाहिले आहे,” मी तुटकपणे म्हणालो.

“निजवूनच पाहिलं असंल.” तिने टोपलीतली माळ उचलून धरली. टोपलीत सरळ दिसणारी ती माळ मधोमध ओघळली. “पडल्या जागी समदं नीट दिसतं. उचलल्याबिगर सैल गाठ कळत नाय.”

माझे दोन्ही एक्स-रे झोपवूनच काढलेले होते. मी लोटांगण न घालता, उभ्यानेच हात जोडून परतलो. दुसऱ्या दिवशी उभ्याने व वाकून एक्स-रे काढण्याचा हट्ट धरला, तेव्हा मुलगा पुटपुटला, “अण्णा, आता डॉक्टरांनाही शिकवणार का?” फोटो आला. वाकताच मणका पुढे घसरत होता. मी नवसाचे सांगितले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “लोटांगण घातले असते तर कदाचित पाय गेले असते.” दुसऱ्या शस्त्रक्रियेत स्क्रू बसवून मणका जखडला. कंबर आजही ठणठणीत नाही. पण मी चालतो.

आयुष्यभर कुणाचे ऐकले नाही, त्या माणसाने एका अनोळखी बाईचे ऐकले. यात कृपा नाही, असे मी म्हणत नाही. ती माझ्या हुशारीची कमाई नव्हती, हे कबूल करायला मला फार वर्षे लागली. लोटांगणाऐवजी देवीपुढे मी तेवढाच वाकलो, आणि तेवढे तिने चालवून घेतले.

पण फुलवाली अदृश्य झाली नाही. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा ती त्याच जागी होती. मला माळ द्यायला ती उठली, ती दोन्ही हात मांड्यांवर रोवून, माझ्यासारखीच.