साहेबाचा हात आणि माझं उपरणं

साहेबाचा उजवा हात माझ्या उपरण्याखाली होता आणि अर्धा बाजार गाड्यांवर चढून आमच्याकडे पाहत होता. साहेबाला वाटत होतं, तो माझा निरोप घेतो आहे. पण वरून उपरणं पडलं, म्हणजे बाजाराच्या लेखी सौदा सुरू झाला होता.

आधी माझं काम सांगतो. अमरावतीच्या कापूसबाजारात मी दलाल होतो. दलाल म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या मधला माणूस. लोक दलालाला शिव्या देतात, पण त्याच्यावाचून त्यांची गाडी खाली होत नाही. शाळा मी फारशी केली नाही. पंतोजीकडे धुळाक्षरं गिरवत होतो तेवढ्यात पंतोजीच गाव सोडून गेला. त्यात माझा काही दोष नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसत. हातावर उपरणं टाकलं जाई आणि त्याच्या आत बोटं बोलत. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. रुपये समजायचे की आणे, हे चालू भावावरून दोघांनाही ठाऊक असे. वरून पाहणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसे. हे कशासाठी? शेतकऱ्याच्या शेजारी त्याचेच भाऊबंद उभे असत. आपल्याला काय मिळालं हे भाऊबंदांना कळावं, असं वऱ्हाडात तरी कोणाला वाटत नाही.

हात सुटले, उपरणं उचललं, की सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. दिल्या शब्दावरून फिरलेला माणूस मी पाहिला नव्हता असं नाही. एक पाहिला होता. दलालानं त्याच्या दारात उभं राहून उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. एवढंच. पुन्हा कोणी त्याच्या हातात हात दिला नाही. शेवटी त्यानं परतवाड्याला जाऊन लाकडाचं दुकान टाकलं.

त्या काळी समुद्रापलीकडे कुठं लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला भाव आला. आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. मुंबईच्या कंपन्यांचे एजंट आले. त्यातलाच हा साहेब. त्यानं गावाबाहेर प्रेस उभारला. प्रेस म्हणजे रुई दाबून गठाण बांधायचं यंत्र. तेव्हा ते माणसंच फिरवत.

साहेबाच्या तोंडी एक शब्द सारखा येई. हँड. त्याचा मुनशी कादरमियाँ अकोल्याचा, माझा जुना ओळखीचा. त्याला मी विचारलं, "मियाँ, हँड म्हंजे काय?"

"हात."

मी म्हटलं, सोपं आहे. पण दुसऱ्या दिवशी साहेबानं प्रेससाठी आणखी हँड मागवले आणि मजूर आले. ऑफिसातल्या घड्याळाच्या काट्यालाही तो हँड म्हणे. माझी सही पाहून म्हणाला, बॅड हँड. ते अक्षराबद्दल होतं. काम आवाक्याबाहेर गेलं की हँडच्या बाहेर, शिल्लक असलं की हँडमध्ये. एकदा माझ्याकडे बोट दाखवून तो दुसऱ्या साहेबाला म्हणाला, "ओल्ड हँड." ओल्ड म्हणजे म्हातारा, एवढं मला कळत होतं. माझी चाळिशीसुद्धा उलटली नव्हती.

"म्हातारा कोनाले म्हणते थो?" मी कादरमियाँला धरलं.

"अजी भाऊ, तारीफ करून राहिला तुमची. मुरलेला मानूस म्हंते."

"मंग मुरलेला म्हनाव ना सरळ!"

"त्याईच्यात लोणचं नसते, भाऊ. कशावरून म्हनंन?"

तारीफ म्हटल्यावर मी तो शब्द ठेवून घेतला. आपल्याकडे तरी काय कमी आहे? हात मारणारा चोर, हात देणारा सोयरा, हात दाखवणारा वैरी, हात आखडणारा कंजूष. साहेबाला हे मी कादरमियाँकडून सांगवलं तेव्हा तो पोट धरून हसला.

पण उपरण्याखालच्या हाताला तो राजी नव्हता. म्हणे, झाकलेल्या हातात लबाडी असते. दलाल एक भाव धरतो आणि शेतकऱ्याला दुसराच सांगतो. असे दलाल होते. मी नव्हतो. तो म्हणे, उघड बोला. मी म्हणे, उपरण्याशिवाय बोलणार नाही. माझं पाहून बाकीचे दलालही अडले. साहेबाचा प्रेस रिकामा, मजूर सावलीत चिलमी ओढत बसलेले. मुंबईची ऑर्डर त्याच्याकडे होती, माल नव्हता.

अशात रिद्धपुराकडून बळीराम पाटील गाड्या घेऊन आले. त्यांच्या बापापासून त्यांचा माल माझ्याच हातून विकला जाई. रुई पांढरीशुभ्र, पाण्याचा थेंब मारलेला नाही, सरकीचा कण नाही. आणि नेमकी त्याच सकाळी बाजारात आवई उठली, की ती लढाई संपली. खरं-खोटं कोणालाच माहीत नव्हतं. पण व्यापाऱ्यांनी हात आखडले. कोणी उपरण्याखाली यायलाच तयार होईना. घेणारा उरला एकच. साहेब.

पाटील म्हणाले, "जाय ना मंग त्याच्याकडे."

"थो उपरनं घेत नाई."

"नको घेऊ दे. उघड्यावर बोल."

"तुमचा भाव तुमच्या चुलतभावाले आयकू येईन. थो पाहा तिथंच उभा आहे, तुमच्या बैलाच्या आड."

पाटलांनी वळून पाहिलं. चुलतभाऊ बैलाची पाठ थोपटत होता. पाटील म्हणाले, "पाह्य बुवा, तू अडला म्हनून मी काहून अडू? दिवस मावळाच्या आत माल नाई उठला तर मी गाड्या अकोल्याले नेतो. तिथल्या दलालाले उपरनंबी आहे अन् घेनाराबी."

माझं तोंड उतरलं असेल. पाटलांसारखं गिऱ्हाईक गेलं असतं तर त्यामागून सगळं रिद्धपूर गेलं असतं. तरी मी साहेबाच्या ऑफिसात गेलो नाही. आपला हट्ट असा, की चूक असला तरी आपला असतो.

दुपारी साहेबच बाजारात आला. पाटलांची रुई त्यानं हातात घेतली, ओढून पाहिली, पुन्हा घेतली. रुई आवडली की माणूस ती लवकर खाली ठेवत नाही. मग कादरमियाँकरवी म्हणाला, उघड भाव सांग. मी मान हलवली. त्यानं खांदे उडवले. ठीक आहे, मी निघतो, असं म्हणून त्यानं जाता जाता हात पुढे केला. तो त्यांचा रिवाज.

आता बाजारात बसलेल्या दलालापुढे कोणी उजवा हात केला, तर त्याचा दुसरा हात काय करील? माझ्या डाव्या हातानं मला न विचारता उपरणं ओढलं आणि वर टाकलं.

साहेबानं तोवर माझा सगळा पंजा धरून वरखाली हलवायला सुरुवात केली होती.

गाडीवरून कोणीतरी ओरडलं, "पंजा देल्ला! साहेबानं पंजा देल्ला!"

"सोडू नोको, बुवा!" पाटील माझ्या कानाशी. "झाला सौदा! उचल उपरनं!"

त्या दिवशीच्या बाजारात पंजाचा भाव कोणी स्वप्नातही दिला नसता. पण अजाण हाताचा सौदा मी कधी धरला नाही. मी बोटं सैल केली, हात मात्र सोडला नाही. "मियाँ, साहेबाले सांगा का घडून राहिलं ते."

कादरमियाँनं सांगितलं. साहेबाचा चेहरा आधीच लाल, तो आणखी लाल झाला. मला वाटलं, आता चाबूक निघतो. साहेबानं गाड्यांवरच्या लोकांकडे पाहिलं, उपरण्याकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसला. मग रुईच्या बोज्यावर बसला आणि म्हणाला, "शिकव."

मी शिकवलं. हात लगाम धरून घट्टे पडलेला होता, बोटं जाड, पण शिकला लवकर. फक्त भाव त्याच्या तोंडावर उमटे. मी सांगवलं, माझ्याकडे पाहू नका, बैलांकडे पाहा. मग दोघंही बैलांकडे पाहत बसलो. मी दोन बोटं दाबली की तो एक सोडवी. मी उठायचं सोंग केलं, त्यानं ओढून बसवलं. ते मी शिकवलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्याची बोटं माझ्या बोटांवर थांबली. मी पाटलांच्या कानात सांगितलं, त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आणि मी उपरणं उचललं.

भाव काय ठरला ते मी तेव्हा बाजाराला सांगितलं नाही. आताही सांगणार नाही.

गाड्या प्रेसच्या आवारात गेल्या. वजन सकाळी व्हायचं होतं. सकाळी मुंबईची तार आली. आवई खरी होती. लढाई संपली, भाव कोसळला.

मी आणि पाटील प्रेसवर पोचलो तेव्हा काटा बांधलेला नव्हता. साहेबाचा हेडक्लार्क मुंबईचा, जरीकाठी पगडीचा. तो म्हणाला, "सौदा? कसला सौदा? सही कुठे आहे? भाव तरी कोणी ऐकला?"

ऐकला नव्हता, हे खरंच होतं. पाटील गाडीच्या धुरीवर बसले. मला म्हणाले, "पंजा झाला व्हता, बुवा. तवाच उचलाले पायजे व्हतं." त्यांच्या वर्षाची कमाई त्या आवारात उभी होती आणि तिचा भाव फक्त दोन हातांना माहीत होता.

साहेब बाहेर आला. रात्रभर झोपला नसावा. त्यानं विचारलं आणि कादरमियाँनं मला सांगितलं, "भाऊ, साहेब म्हंते, मी नाई म्हटलं तर तुमी काय करसान?"

"काई नाई."

"कचेरीत जासान?"

"नाई."

"मंग?"

"त्यानं हात वर केले तर हे उपरनं त्याच्या फाटकात झटकीन अन् खांद्यावर टाकून घरी जाईन. बाजाराले समजते त्याच्यातलं."

कादरमियाँनं परतवाड्याच्या लाकडाच्या दुकानाचीही गोष्ट जोडली असावी, कारण तो बराच वेळ बोलत होता. हेडक्लार्क मध्येच काहीतरी म्हणाला. साहेबानं त्याला गप्प केलं. मग पायऱ्या उतरून तो माझ्यापुढे आला आणि उजवा हात पुढे केला.

मी उपरणं टाकलं. आतमध्ये त्यानं एकामागून एक बोटं दाबली. कालचाच भाव, पै कमी नाही. हेडक्लार्क मान लांब करून पाहत होता. त्याला कापड दिसलं.

"काटा बांधा," साहेब म्हणाला. मग मला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. त्यात पुन्हा हँड होता. कादरमियाँ अर्थ सांगायला लागला, मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, मियाँ. हा मले समजला."

त्या मालात साहेबाचं नुकसान झालं असणार. पण बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. भाव उतरलेले असतानाही गाड्या त्याच्या फाटकाशी येऊन थांबत, रिद्धपुराच्या, पुढे पुढे अकोटाकडच्याही. त्याचे हँड सावलीतून उठले. पाटलांनी दलाल बदलला नाही. चुलतभावाला भाव शेवटपर्यंत कळला नाही, आणि पाटलांना त्याचाच आनंद जास्त होता.

काही वर्षांनी साहेब विलायतेला परत निघाला. मी बडनेऱ्याच्या स्टेशनात गेलो होतो. गाडीत चढण्याआधी त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि खाली माझा सगळा पंजा दाबला. कशाचा भाव, ते मी विचारलं नाही. मीही पंजाच दिला.

आता मी खरोखरच ओल्ड हँड झालो. बाजारात भाव ओरडून बोलतात म्हणे, आणि सौदा मोडल्याची तक्रार कचेरीत जाते. जाऊ दे बापडी. या धंद्यात येणाऱ्याला मी एकच सांगतो: उपरणं नेहमी खांद्यावर असू द्यावं. कोण कधी हात पुढे करील, सांगता येत नाही.