काढून टाकलेला शब्द

माझ्या भाषेत आजवर दोनच माणसांनी प्रोग्राम लिहिले. त्यातली एक मी. दुसऱ्या मुरबाड तालुक्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना मी बाई म्हणते. त्यांनी लिहिणं सोडलं असतं तर ती भाषा माझ्या एकटीची उरली असती, आणि एकटीच्या भाषेला भाषा का म्हणायचं हे मला कुणाला सांगता आलं नसतं. गेल्या वर्षी ती वेळ जवळजवळ आली होती. आणली मीच होती.

मी शहापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टचं काम बघते. राहते सापगावला. आई गेल्यापासून घरात मी एकटी आहे. सकाळी पाच ते पावणेसात हा वेळ माझा. त्यानंतर डबा, आंघोळ, लॅब. या पावणेदोन तासांत मी गेली सहा वर्षं कंपायलर लिहिते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम वाचायचा आणि यंत्राला कळतील अशा आज्ञांमध्ये उतरवायचा, हे कंपायलरचं काम. तो लिहिला की आपली स्वतःची भाषा तयार होते. तिच्यात शब्द कोणते असावेत, वाक्य कुठे संपावं, चूक झाली तर यंत्राने काय म्हणावं, हे सगळं आपण ठरवायचं.

सुरुवात एका तक्त्यापासून झाली. दहा आकड्यांतला सर्वांत मोठा शोधणं, एवढंच एक काम मी निरनिराळ्या भाषांत लिहून काढलं आणि आडव्या वहीत रकाने पाडले. कुठे ओळींच्या गटाला महिरपी कंस घालतात, कुठे गट संपला की तसा शब्द लिहितात, कुठे नुसती डावीकडे जागा सोडली की यंत्र समजून घेतं. एकोणीस भाषा झाल्यावर विसावी आपलीच करावी असं वाटलं. तिला नाव दिलं नाही. फोल्डरवर फक्त ‘भाषा १’ असं लिहिलं.

लॅबमधल्या टेक्निशियनने एकदा विचारलं होतं, “ताई, हे तयार झाल्यावर त्याचं काय करतात?”

“त्यात प्रोग्राम लिहितात.”

“आधीच्या भाषांत नाही लिहिता येत?”

“येतात की.”

तो मान डोलावून कामाला लागला. चांगला माणूस आहे.

असा नाद असलेल्यांची इंटरनेटवर एक जागा आहे. मी तिथे माझी भाषा मांडली. दोन उत्तरं आली. एकाने लिहिलं की गट संपवायला शब्द वापरणं जुनाट वाटतं. दुसऱ्याने स्वतःच्या भाषेचा पत्ता दिला. तिथे हे असंच असतं. जो तो आपापली भाषा दाखवतो, दुसऱ्याची कुणी वापरत नाही. मीही कुणाची वापरली नाही.

बाई भेटल्या त्या लॅबमध्येच. साखरेचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. तो वाचून म्हणाल्या, “यावर माझं वय एक वर्षाने जास्त लागलंय. तुमचं यंत्र वय मोजतं कसं?” मी चूक दुरुस्त करून दिली आणि वय मोजायची रीत सांगितली. इतर कुणी तेवढ्यावर गेलं असतं. बाईंनी विचारलं, “आणि एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्याचं?” तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. महिनाभरात माझी भाषा त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर गेली.

त्यांना तिचा उपयोगही होता. सरळगावच्या आत त्यांचं गाव. तिथे भाताची लावणी अजून सावडीने करतात, म्हणजे आज सगळ्या घरांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. त्यांच्या सावडीत अकरा घरं. कुणी आधी पेरतं, कुणी नंतर. रोपं लावणीजोगी झाली की फार थांबता येत नाही. म्हणून कुणाचं शेत कोणत्या दिवशी यावरून दर वर्षी वाद. बाईंनी पेरणीच्या तारखा घेऊन पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहिला. आधी उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने, मग एका बोटाने टाइप करून. चौऱ्याण्णव ओळी. माझ्या भाषेत दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तेवढ्याच.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी वही घेऊन बसायचे. बाई बोलायच्या ते असं: पुतण्याचं लग्न ठरतंय, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लांबलंय, आणि तुझं यंत्र चूक झाली म्हणतं पण कितव्या ओळीत ते नाही सांगत. मी वहीत लिहायचे: ‘चुकीसोबत ओळीचा क्रमांक द्यावा.’ पुढे तारीख, काम झालं की बरोबरची खूण. दोन वर्षांत एकशे बारा नोंदी झाल्या आणि एकशे सात खुणा. मला वाटायचं, आमचं चांगलं जमलं आहे.

गेल्या वैशाखात मी भाषेतला ‘बस’ हा शब्द काढून टाकला. गट संपला की ‘बस’ लिहायचं असा माझा पहिल्यापासूनचा नियम होता. पण तक्ता पुन्हा तपासताना वाटलं की डावीकडे जागा सोडलेली असतेच, त्यावरून गट कळतो, मग हा शब्द जास्तीचा आहे. काढल्यावर प्रोग्राम खरंच स्वच्छ दिसू लागले. मी बाईंच्या चौऱ्याण्णव ओळी नव्या पद्धतीने लिहून दिल्या. त्या शहात्तरच भरल्या. नवी आवृत्ती पाठवली आणि जुनी काढून टाका असं कळवलं.

“मोकळं मोकळं दिसतंय गो,” बाई फोनवर म्हणाल्या. मी ते कौतुक समजले.

पुढच्या दोन रविवारी फोन आला. मग आला नाही. मी केला तर, “कामात आहे, मग बोलू.” पेरणीचे दिवस आहेत, असेल काम. लावणीचे दिवस आले, गेले. पाळ्या कशा लागल्या ते कळलं नाही. मी रविवारी वही काढून बसायचे आणि जुन्या नोंदी वाचायचे. आपल्याला एका माणसाच्या फोनची इतकी सवय लागली आहे हे मला ठाऊक नव्हतं. सकाळचं कामही पुढे सरकेना. चूक दाखवणारे संदेश आणखी सोप्या शब्दांत लिहायला घेतले आणि लक्षात आलं की ते वाचणारं कुणी नसेल.

श्रावणातल्या एका रविवारी मी निघाले. किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे सरळगावला जीप, तिथून रिक्षा. दारात दुसऱ्याच एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“कोन पायजे?”

“बाई आहेत का? मी शहापूरहून आले.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “शापूरची? म्हंजे तूच का गो ती मशीनवाली? मंग मला सांग, तुझी मशीन दर वर्साला मला शेवटून दुसरी का टाकते?”

“ते मशीन नाही ठरवत, बाईंनी लिहिलंय तसं...”

“आनि शेवटची ही माझी जाऊ सोता. आपल्याला कोनी बोलू नये म्हनून. म्हंजे खरी शेवटची मीच झाले का नाय?”

“तुझी रोपंच उशिरा होतात,” आतून बाईंचा आवाज आला. “आधी पेर, मग पहिली येशील.”

“ऐकलंस? निवृत्त झाली तरी छडी हाय हातात.”

बाई बाहेर आल्या. एका डोळ्यावर जाड भिंग, दुसरा डोळा मिटल्यासारखा. मला बघून हसल्या, पण दचकल्याही.

विचारायला मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. “बाई, म्हणजे यंदा पाळ्या प्रोग्रामने लावल्या?”

“लावल्या की.”

“नव्या आवृत्तीत?”

त्यांनी जावेकडे बघितलं. जाऊ म्हणाली, “सांग ना आता. पंधरा दिवस काचेवर बोट फिरवत होती. मी म्हटलं, काय पुसतेस? तर म्हने, जागा मोजते.”

बाईंनी लॅपटॉप आणला. अक्षरं इतकी मोठी केली होती की पडद्यावर सात-आठ ओळीच मावत होत्या. लांब ओळ तुटून खालच्या ओळीत शिरत होती. डावीकडची मोकळी जागा, जिच्यावर माझी सगळी स्वच्छता उभी होती, तिथे कळतच नव्हती. कोणती ओळ आत आहे आणि कोणती बाहेर, हे मलाही नीट सांगता आलं नाही, आणि माझे डोळे चांगले आहेत.

“‘बस’ दिसायचं मला,” बाई म्हणाल्या. “काळं, ठळक. ते धरून धरून मी खाली यायची. रिकामी जागा नाय दिसत गो.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलेलं.”

“कधी?”

“जेठात. तू म्हणालीस, अक्षर मोठं करा.”

त्यांनी माझी सूचना न मानता जुनी आवृत्ती ठेवून दिली होती आणि यंदाच्या पाळ्या तिच्यातच लावल्या होत्या. मी म्हटलं, उद्याच्या उद्या ‘बस’ परत घालते.

“नको.”

“अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तू ‘बस’ घालशील आणि त्याच्यासोबत आणखी चार गोष्टी बदलशील. मला ओळखता येत नाय मग. हे चाललंय ना, चालू दे. आता नवं नको पाठवू.”

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. भाकरी आणि भोपळ्याच्या फुलांची भाजी वाढली, निघताना पिशवीत नाचणीचं पीठ घातलं. जाऊ रिक्षापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, “परत ये गो. माझा नंबर वर घ्यायचं तेवढं बघ.”

घरी येऊन वही उघडली. जेठातली नोंद सापडली, माझ्याच अक्षरात: ‘ओळींची सुरुवात दिसत नाही. पडद्याचा प्रश्न, भाषेचा नाही.’ पुढे बरोबरची खूण. त्याच फोनमध्ये बाई डोळ्याबद्दल आणखी काय बोलल्या होत्या ते मला आठवेना. ते मी लिहून घेतलं नव्हतं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. पाच वाजता जाग यायची, यंत्र सुरू करायचे, आणि करायला काही नसायचं. काम खूप होतं, पण ते कुणासाठी, याचं उत्तर एका रविवारी मिळून गेलं होतं. काही दिवस तक्त्यात एकविसावी, बाविसावी भाषा भरली. दसऱ्याच्या सुमारास ठरवलं की बाई जी आवृत्ती वापरतात तीच आपण वापरायची. सुधारलेली सगळी बाजूला ठेवली. जुनीत ‘बस’ लिहिताना पहिले काही दिवस हात अडखळला, मग बसला.

लॅबमधल्या रसायनांच्या बाटल्या कधी मुदतबाह्य होतात त्याची यादी मी तिच्यात करायला घेतली. बाटल्या एकतीस होत्या, यादी तिसाचीच आली. दोन सकाळी शोधल्यावर कळलं: दोन नोंदींची तारीख एकच असली की क्रम लावताना एक नोंद गळते. चूक बाईंच्या आवृत्तीत होती, माझीच, पहिल्या दिवसापासूनची. म्हणजे पाळ्यांतलंही एखादं घर असंच गळत असणार. सहा वाजून गेले होते. मी फोन लावला.

“बाई, एकाच दिवशी दोन घरांनी पेरलं तर...”

“एक घर गायब होतं. माहितीये. पहिल्या वर्षी माझी जाऊच गायब झाली होती.”

“मग तुम्ही काय करता?”

“दोघांतल्या एकाची तारीख एक दिवसाने पुढे टाकते. कुणाची ते सांगत नाय.”

“तीन वर्षं तुम्हाला हे माहीत आहे?”

“हो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी नवं पाठवलं असतंस,” बाई म्हणाल्या. “बरं, ठेवते.”

फोन ठेवल्यावर मी ती चूक दुरुस्त केली नाही. त्या आवृत्तीची फाइल फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी करून टाकली. साडेसहा झाले होते. पावणेसातला अजून पंधरा मिनिटं होती. थोडा वेळ बसून राहिले आणि पुन्हा फोन लावला.

“आता काय राहिलं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाय?”

“नाही. सहजच.”

मग त्या म्हणाल्या, “थांब जरा, म्हशीला पाणी दाखवते. ठेवू नको.” त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. बादलीचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, मग जावेचा, लांबून.

“कोन हाय फोनवर?”

“शापूरची.”

“काय म्हनते?”

“काय नाय म्हणत.”