बाळंतिणीच्या खोलीचं छत

हे पत्र जवळ धर वं जरा. तुला रागवायचं आहे, अन् फोनवर रागवलं की आवाज चढतो, मग खालच्या मजल्यावरची विचारते, काय झालं काकू?

परवाच्या लग्नात तू चार लोकांत हसत हसत सांगितलंस म्हणे, "मी गळक्या घरात जन्मले, माझ्या पाळण्यात पाणी टपकायचं." कोणी सांगितलं तुला हे? तुझ्या आईनं? तिला विचार, पाळण्यातली दुपटी कधी ओली झाली ती तुझ्यामुळं की छतामुळं! घर गळत होतं, हे खरं. पण तुझ्यावर एक थेंब पडला नाही. मी पडू दिला नाही. कसा, ते आता नीट वाच, अन् पुढच्या लग्नात नीट सांग.

तुझे आजोबा कोराडीला कोळशाच्या वीजघरात होते. सारा संसार तिथल्या कॉलनीत झाला. दोरीवरची धुतलेली साडी आधी झटकायची, राख उडवायची, मग घरात घ्यायची, अशी सवय. ते रिटायर व्हायला आले तेव्हा मी म्हटलं, आता नागपुरात आपलं स्वतःचं घर. त्या वेळी शहरात फ्लॅट नवीनच निघाले होते. नातेवाईक म्हणायचे, अंगण नाही, तुळशीला जागा नाही, हवेत कशाचं घर घेता? मला मात्र आवडलं. सगळ्यात वरचा मजला, वर मोठी गच्ची, पापड-कुरड्या अन् भिवापूरच्या मिरच्या वाळवायला ऊनच ऊन. आणि मागच्या बाजूला एक लहानशी खोली, पूर्वेला खिडकी, वारा थेट अंगावर न येणारी. ती पाहिल्या पाहिल्या मी मनात ठरवून टाकलं, ही माझ्या लेकीच्या बाळंतपणाची खोली. तुझ्या आईचं लग्न नुकतंच झालेलं होतं तेव्हा.

उन्हाळ्यात राहायला आलो. पाऊस लागला, अन् गळायला लागलं कुठं, तर नेमकं त्याच खोलीत. आधी छताला ओल आली, मग चुन्याचे पोपडे, मग थेंब. मी खाली गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला. सकाळी तो भरलेला. अन् तुझी आई सातव्या महिन्यात माहेरी यायची होती.

गेले मी बिल्डरकडे. तरुण होता, गोड बोलायचा. मला खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाला, "काकू, नवीन घर आहे. पहिल्या पावसात थोडं रडतेच."

मी म्हटलं, "लग्नात पोरी रडतात गा. स्लॅब काहून रडते?"

हसला. पण माणूस काही पाठवला नाही. पुन्हा गेले तर म्हणतो, "काकू, तुमच्या कूलरचं पाणी मुरलं असन भिंतीत." आता आपल्या नागपुरात कूलर नसलेलं घर दाखव मला! अन् उन्हाळ्यात प्रत्येकाच्या कूलरची टाकी कधी ना कधी सांडते, म्हणून ही सबब इथं हमखास चालायची. सांगितलं की माणूस खजील होऊन आपलीच टाकी तपासायला लागतो. तुझे आजोबाही घरी येऊन टाकी तपासायला लागले! मी मात्र बिल्डरच्या तोंडावरच म्हटलं, "कूलर समोरच्या खोलीच्या खिडकीत, गळते मागच्या खोलीच्या छतातून. पाणी खिडकीतून चालत जाऊन छतावर चढून राहिलं काय?"

तो म्हणाला, "पाहतो काकू."

आजोबा म्हणाले, वकिलाला विचारू. मी म्हटलं, वकील करेपर्यंत नात शाळेत जाईल. (नातच होणार, हे मला ठाऊक होतं. ते जाऊ दे.)

तुझी आई आली. तिची गादी बैठकीत घातली. बैठकीत येणंजाणं, उघडं दार, तिथं बाळंतीण ठेवायची कशी? मी डोहाळजेवणाचा दिवस धरला. आमंत्रणं करत फिरले, अन् फिरता फिरता बिल्डरच्या घरी गेले. तो नव्हता, त्याची आई होती. हातभर हिरव्या बांगड्या, नऊवारी, शेतकऱ्याच्या घरची बाई. माझं माहेर भिवापूरकडचं कळल्यावर तर मिरचीवरच आमचा अर्धा तास गेला. यंदा रंग कसा, तिखट कसं. मी छताचं काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "लेकीचं डोहाळजेवण आहे, या लागते बरं." ती म्हणाली, "येतो वं बाई, नक्की येतो."

संध्याकाळी लेकाला समजलं असावं. दुसऱ्याच दिवशी रंगारी आला, शिडी लावली, अन् मागच्या खोलीच्या छताला पांढराशुभ्र रंग मारून गेला. वर गच्चीवर पायही ठेवला नाही. तुझी आई म्हणाली, "चला, झालं एकदाचं."  मी डोहाळजेवणाचे पाट मात्र त्याच खोलीत मांडले. मधोमध तुझ्या आईचा पाट, शेजारी मानाचा पाट बिल्डरच्या आईचा.

पाऊस सकाळपासून लागलेला. बायका आल्या, ओटी भरून झाली, ताटं वाढली. पहिल्यांदा एक पोपडा पडला, कढीच्या वाटीत. मग थेंब. बिल्डरच्या आईच्या बरोब्बर अंबाड्यावर. तिनं हात लावून पाहिलं, मग वर पाहिलं.

"हे काय वं?"

"काही नाही जी," मी म्हटलं, "नवीन घर आहे, पहिल्या पावसात थोडं रडते म्हणे."

"कोण म्हणते असं?"

"तुमचाच लेक."

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. ती हसली नाही. तिनं तुझ्या आईच्या पोटाकडे पाहिलं अन् विचारलं, "बाळंतिणीची खाट कुठं घालणार हाय?"

मी म्हटलं, "दुसरी खोली नाही. घालायची तर इथंच."

ती जेवली. अन्नाचा अपमान नाही केला. पण मी विडा पुढे केला तेव्हा हात मागे घेतला. "विडा ठेवून दे. छत कोरडं झालं की येऊन खाईन."

तेवढ्यात लेक तिला न्यायला आला, खाली हॉर्न वाजवला. तिनं त्याला वर बोलावलं. इतक्या बायकांत तो बिचारा दारातच थबकला. ती म्हणाली, "आत ये. इथं उभा राह्य." अन् त्याला नेमकं त्या थेंबाखाली उभं केलं. कपाळावरून पाणी नाकापर्यंत आलं तरी तिनं हलू दिलं नाही.

"तू जन्मला तवा आपलं घर मातीच्या कवेलूचं होतं ना गा? तुह्या बापानं दरसाल मिरगाच्या आधी छपरावर चढून कवेलू फेरले. फुटका काढला, साबूत लावला. तुह्या अंगावर थेंब पडू देल्ला नाही. अन् तू शिमिटाचं घर बांधून दुसऱ्याच्या लेकराले पाण्यात निजवून राहिला?"

तो खाली पाहून म्हणाला, "करतो ना माय."

"रंग नाही. छत."

पावसानं उघडीप दिली तशी माणसं आली. गच्चीचा वरचा थर फोडला तर खाली नुसती रेतीच रेती, सिमेंट नावाला. अन् उतार उलटा! पाणी नळीकडे जायचं सोडून आमच्या खोलीवर येऊन बसत होतं. बिल्डरनं ते स्वतः उभं राहून पाहिलं, अन् मिस्तरीला काय बोलला ते मी लिहीत नाही. मग विटांचे तुकडे रचून नवा उतार काढला, वर सिमेंटचा घट्ट थर. पाऊस आला की ताडपत्री. थर बसला की तराई हवी, म्हणजे सतत पाणी मारायचं, ती पावसानंच केली फुकट. शेवटी गळतं का ते पाहायला नळी बंद करून, मातीचे बांध घालून गच्चीवर तळं केलं, अन् मी खाली खोलीत मान वर करून बसले. कावळे वर आंघोळीला यायचे, त्यांची फडफड ऐकू यायची. थेंब नाही.

तू पोळ्यानंतर झालीस. दवाखान्यातून आणली तेव्हा भादव्याचा पाऊस असा कोसळत होता की समोरची इमारत दिसत नव्हती. त्या पावसात बिल्डरची आई आली, छत्री असून निथळत. आधी छताकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. पाळण्याच्या वर छताला तळहात टेकवायला स्टुलावर चढली, मी नको नको म्हणत होते तरी. कोरडा हात मला दाखवला, खाली उतरली अन् म्हणाली, "आण वं आता माझा विडा."

तर हे असं आहे. गळक्या घरातली म्हणवून घेऊ नकोस. पाळणा टांगायचा हूक अजून त्याच जागी आहे, छत अजून तसंच कोरडं. तुझा विश्वास नसेल तर स्टूलही आहे घरात. या पावसात ये, एवढ्यातच ये. तुझी गादी त्याच खोलीत घालते.