चार खात्यांचा एक वायरलेस

नव्वदच्या दशकात मी मुरबाडला तहसील कचेरीत वायरलेसवर बसायचो. पावसाळ्यात तालुक्याला चॅनेल एकच, आणि त्यावर पोलीस, वनखातं, पाटबंधारे आणि आम्ही महसूलवाले. काय वैताग होता तो! सकाळी आठला जो तो पावसाचे आकडे घेऊन एकदमच सुरू व्हायचा. कोणाचंच धड ऐकू यायचं नाही, आणि पोलीस न् पाटबंधारे रोज हमरीतुमरीवर यायचे.

मग वरून फर्मान आलं. निरोप कोणासाठीही असो, प्रत्येक खात्यानं "निरोप मिळाला" म्हणायचंच, नाहीतर मासिक बैठकीत खरडपट्टी. झालं. तेव्हापासून कुठे झाड पडलं तरी चौघेही पाठोपाठ "मिळाला, मिळाला" करून मोकळे. झाड आपलं रस्त्यातच.

श्रावणातल्या एका सकाळी आकडे संपतात न संपतात तोच डोंगरावरच्या चौकीतला वनरक्षक हातातल्या सेटवरून बोलला. बायकोला साप चावला होता. "तिला खाली नाल्याजवळ आणतो, जीप पाठवा," म्हणाला. चौघांनीही निरोप मिळाल्याचं सांगितलं. मी वेळ टाकून वहीत लिहिलं आणि चहा मागवला. आमची जीप दारात उभी होती, ड्रायव्हर आत पेपर वाचत होता. पण माणूस वनखात्याचा, म्हणजे जीपही वनखात्याचीच जाणार, असं मी परस्पर ठरवूनही टाकलं. वनखात्याला वाटलं, पोलीस जवळ आहेत. पोलिसांना वाटलं, हे तहसीलदारांचं काम. पाटबंधाऱ्यांना काय वाटलं, देव जाणे.

साडेदहाला तो पुन्हा बोलला, "साहेब, गाडी निघाली ना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धावत जाऊन ड्रायव्हरला पिटाळलं. बाई कल्याणच्या वाटेवर जीपमध्येच गेली.

आजही आठवलं की माझी मलाच चीड येते. मी काय, दुसरे काय, सगळे नियमानं वागलो होतो.

दिवसकार्य झाल्यावर तो वनरक्षक आपला सेट जमा करायला कचेरीत आला. आवाज चढवला नाही त्यानं.

"मेन रोड तासाभराच्या वाटेवर होता, साहेब. तिथं सवारीच्या जिपा लागतात. तुमी कोनीच बोलला नसता, तर मी तिला पाठीवर घेऊन कवाच निघालो असतो. चार जनं बोलले, म्हनून नाल्याजवळ बसून राह्यलो."

त्या चारांत पहिला आवाज माझा होता.