डोंगराचा भांग

कुणाला कशाचं वेड असेल सांगता येत नाही. डोंगरसाहेबांना उताराचं होतं. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराला मातीचं पांघरूण घालायचं आणि ते पावसात वाहून जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. म्हणून तर ते नाव पडलं. घरात पाणी सांडलं की ते कुठल्या वाटेने जातंय हे बघत साहेब उकिडवे बसायचे आणि बायको फडकं घेऊन मागे उभी. "पुसू का आता, की अजून अभ्यास चाललाय?"

नशीब असं, की त्यांची धाकटी बहीण नेमकी त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहायची. गेल्या वर्षी पांघरूण फाटलं आणि चिखल थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरला. सोबत एक चप्पल, बाहुलीचं मुंडकं आणि कुणाची तरी कवळी. कवळी शेगडीखाली हसत पडलेली सापडली. तेव्हापासून बहिणीने भावाशी बोलणं टाकलं. एका टेबलाशी जेवायला बसली तरी म्हणायची, "वहिनी, यांना म्हणावं मीठ सरकवा." साहेब मीठ सरकवायचे, पण त्यांना घास गोड लागायचा नाही. आईवडिलांच्या मागे तिला त्यांनीच वाढवलं होतं.

घोळ झाला होता नकाशात. साहेबांनी उतारभर आडव्या रेघा काढल्या होत्या. बुलडोझरच्या साखळीचे ठसे असे आडवे उमटले की पाणी त्यांत थबकतं, माती टिकते, गवताचं बी रुजतं. बुलडोझरवाल्याला वाटलं, ही गाडीची वाट. त्याने इमानेइतबारे गाडी आडवी चालवली. आता साखळीच्या पट्ट्या असतात गाडीच्या वाटेला काटकोनात; गाडी आडवी गेली की ठसे पडतात उभे, वरून खाली. पावसाला आयते पाट मिळाले!

यंदा नवी माती पडली तेव्हा साहेब स्वतः जातीने उभे राहिले. "सरळ चढ, सरळ उतर."

"ठसे आडवे हवेत ना? मग गाडी आडवीच नको का?" बुलडोझरवाला म्हणाला.

समजावून समजावून साहेबांचा घसा बसला. शेवटी ते गाडीवर चढले आणि त्यांनी त्याच्याच खिशातला कंगवा उपसला. या गड्याला केसांचा भारी सोस. साहेबांनी त्याचे केस सरळ मागे विंचरले आणि वरून बाटलीभर पाणी ओतलं. ते सुसाट कॉलरमधून पाठीत गेलं. मग केस आडवे विंचरून दुसरी बाटली. हे पाणी केसांतच घुटमळलं.

"आता खाली उतर आणि तुझी गाडी कसे ठसे पाडते ते बघ."

त्याने वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "कळलं साहेब. पण हे मातीवर नसतं का दाखवता आलं?"

मग मात्र त्याने सबंध उतार उभा चढून उभा उतरून काढला, आणि तोही असा, की साहेबांना बोट ठेवायला जागा उरली नाही.

गवत बोटभर वाढलं आणि जोराचा पाऊस आला. साहेब छत्री घेऊन डोंगरावर. पाणी ठशाठशाला अडत, दमत, निवांत खाली येत होतं. ते घसरत पायथ्याशी पोचले, बहिणीच्या घरामागच्या गटारात डोकावले. पाणी नितळ! साहेबांचं भान हरपलं. ते तसेच तिच्या स्वयंपाकघरात घुसले. "अगं, ये, बघ! माती हलली नाही!"

बहिणीने जमिनीकडे पाहिलं. दारापासून शेगडीपर्यंत बुटांचा चिखल. निरोप द्यायला तिने इकडेतिकडे वहिनी शोधली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"दादा! डोंगर राहिला जागेवर आणि चिखल तू घेऊन आलास? बूट काढ आधी!"

साहेब तिथेच फतकल मारून बसले. डोळे इतके भरून आले होते की बुटाच्या नाडीची गाठ दिसेना. ओढली तशी ती आणखीच घट्ट बसली. बहीण बघत राहिली, मग तोंडाचा पट्टा चालू ठेवून त्यांच्यासमोर चिखलात बसली आणि नाडी सोडू लागली.