नाकवालीची फितुरी

नाकवाली फितूर झाली, अशी कुजबूज साबणाच्या कारखान्यात उठली आणि रिवाजाप्रमाणे तिच्या कानावर सगळ्यात शेवटी आली. समोरच्या कारखानदाराने तिला गाठलंय म्हणे; म्हणून आपल्याकडे आलेलं चांगलं तेल नासकं ठरवून परत धाडते.

तिचं कामच ते. पिंप उघडलं की वाटीभर तेल हुंगायचं आणि घ्यायचं की नाही ते सांगायचं. तिच्या 'नाही'पुढे मालकाचंही चालत नसे.

पण हल्ली तिला सगळंच कुजकं वाटू लागलं होतं. आधी संशय तेलवाल्यावर, मग पिंपं धुणाऱ्यावर, मग थेट घरात.

"सूनबाई, काय कुजवलंयस कपाटात?"

"काही नाही हो आई. कारखान्यातलं नाक तिथेच ठेवून येत जा!"

सुनेचं हसणंही तिला खटकलं. वाकलं की डाव्या डोळ्याखाली ठणका, त्याच बाजूच्या नाकपुडीतून घट्ट पिवळा शेंबूड. पण सर्दीच ती, म्हणून तिकडे कानाडोळा.

एके सकाळी मालकाने फडक्याने झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या.

"बाई, नासकं कुठलं?"

"दोन्ही."

"दुसरीत नुसतं पाणी आहे, बाई. तुमच्या शब्दावर आता तेल परत कसं पाठवू? नाक ठिकाणावर आलं तर या, नाहीतर राहू द्या."

घरी ती भिंतीकडे तोंड करून बसली. सून म्हणाली, "आई, कधीपासून उजवीकडूनच चावताय. ती डावी दाढ दाखवा की!"

दातांच्या डॉक्टरने वरच्या दाढेवर टिचकी मारताच ती खुर्चीतून उडाली. एक्स-रेचा फोटो काढून, तो बघून डॉक्टर म्हणाला, "सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. बहुतेकदा सर्दीने नाक सुजतं, त्यांची तोंडं बंद होतात, शेंबूड आत तुंबतो. पण एकाच बाजूला दुखतंय आणि घाणही येतेय? मग दाढेवर संशय घ्यायचा."

"घ्या! संशयाला आणखी एक गिऱ्हाईक," सून पुटपुटली.

दाढ काढली, औषधं झाली, ठणका ओसरला. मालकाने पुन्हा झाकल्या वाट्या मांडल्या. तिने एक हुंगून बाजूला सारली. नासकी तीच होती. तिची जागा राहिली.

फितुरी नव्हतीच. दाढेच्या मुळाशी झालेला पू गालाच्या हाडातल्या पोकळीत चढला होता, आणि तिला वास येत होता तो त्याचा.