मैनाबाईची घाईची सुई

बोरी अरबच्या मैनाबाईला गाजरगवताने घरी बसवलं. वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं, ते गवत फुललं की तिचे डोळे सुजत, नाक वाहे आणि छातीत घरघर सुरू होई. कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात दहीभात शिंपून सीतादहीची पूजा होते, तीही काही वर्षांपासून सून अर्पिताच करत होती. मैनाबाईने दहीभात कालवून द्यायचा आणि सगळ्यांनी टोपली उचलून निघायचं. तिला ते फार लागे. पण दुखणं बोलून दाखवते ती बाई कामचुकार, हे ती माहेराहूनच शिकून आली होती.

यवतमाळच्या डॉक्टर भैरवींनी उपाय सांगितला. ज्याचं वावडं, तेच थोडंथोडं टोचून अंगाला सवय लावायची. आठवड्याला एक सुई घेतली तर पूर्ण मात्रेपर्यंत पोचायला सहा महिने जातात. एका खेपेत दोन-तीन घेतल्या, मध्ये अर्धा अर्धा तास थांबलं, तर दीड-दोन महिन्यांत भागतं. मात्र यात धोका जास्त, म्हणून अंगात जरा काही वाटलं की लगेच सांगायचं. वेचणी डोळ्यापुढे ठेवून मैनाबाईने घाईची सुई धरली. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी रस्त्यात दर खेपेला दिसे, पण ती गाडीवाल्यांसाठी.

एका खेपेला दुसऱ्या सुईनंतर तिचे तळहात खाजू लागले. सांगितलं तर तिसरी सुई चुकणार, आणि वेचणी तर तोंडावर आलेली. तिने हात पदराखाली घेतले. डॉक्टरांनी विचारलं, तर काही नाही म्हणाली. तिसऱ्या सुईनंतर ओठ सुजले, श्वास अडला आणि बाई बाकावरून खाली आली. मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे ती सावरली. सोबत आलेले तिचे नवरे, मारोतराव, तिला पदराने वारा घालत होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. मात्रा कमी करून आता सावकाशच जायचं, एवढं म्हणाल्या. म्हणजे यंदाची सीतादहीही गेली. मैनाबाईने दहीभात कालवून दिला आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतरच्या खेपेला सुई झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, काही होतंय का? खरं सांगा.”

मैनाबाईने तळहात पुढे केले. ते साफ होते.

“हात ठीक हायेत,” ती म्हणाली. “पण तुमी इचारता म्हून सांगतो. हे सारे वावरात जातेत, मले घरी ठेवतेत. आल्यावर पूजा कशी झाली, थे बी कोणी सांगत नाही. थे दुखते.”

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं. त्यांनी शेजारी बसलेल्या मारोतरावांकडे पाहिलं.

“अर्पितानं तुह्याच नावानं दहीभात शिंपला,” ते म्हणाले. “दरसाल शिंपते. सांगतलं तं तुले अजून लागन, म्हून आमी गप राह्यलो.”